निळा अंगठा

आम्ही कापड रंगवणाऱ्या बाया. कोपरापर्यंत निळ्या. मतदानाच्या आदल्या दिवशी पांढऱ्या चपलांतला एक भला माणूस गल्लीत आला आणि कळवळ्याने सांगून गेला, "बायांनो, रंगलेलं बोट दिसलं की मत देऊन झालं असं समजतात. परत पाठवतील." झालं! अख्खी गल्ली ब्लीच आणि पॉलिश पेपर घेऊन बसली. सासूबाईंनी तर सालटी निघेपर्यंत बोटं घासली. गेल्या खेपेला केंद्र ऐनवेळी हलवलं म्हणून त्यांचं मत हुकलं होतं, ते जिव्हारी लागलेलं. मी आळशी. "असू दे निळं," म्हणून झोपले आणि शिव्या खाल्ल्या.

केंद्रावर यंदा ठसा घेणारं यंत्र. सासूबाईंनी दहाही बोटं टेकवून पाहिली. यंत्राचा दिवा लाल तो लालच.

"ठसा उमटत नाही. चला, पुढच्या," साहेब म्हणाले.

"कार्ड आहे, तोंड आहे. हाताने नोंद करा की," मी म्हटलं. तसा नियम दारावरच चिकटवला होता.

"त्याला वरिष्ठ लागतात. ते काही आज यायचे नाहीत."

आमच्या कितीतरी जणी सकाळपासून अशाच परतल्या होत्या. खिडकीतून दिसत होतं, पांढऱ्या चपलावाला बाहेर आरामात चहा पीत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझा निळा अंगठा यंत्राने एका झटक्यात घेतला. मतपत्रिका हातात आली. "जा गं, तुझं तरी होऊ दे," सासूबाई म्हणाल्या, आणि भिंतीला टेकल्या.

मी पडद्यामागे गेले, शिक्का उचलला आणि नुसती उभी राहिले.

"अहो बाई, किती वेळ?"

"ठरत नाहीये, साहेब. मी आत असताना केंद्र बंद करता येत नाही ना?"

"नाही, पण..."

"मग करते विचार. वरिष्ठ येईपर्यंत ठरेल बहुतेक."

पोलीस पडद्याशी येऊन खाकरला. "ओढा तिला बाहेर!" कोणीतरी ओरडलं. "हात तर लावून बघा!" सासूबाई कडाडल्या. मतदानाची वेळ टळून गेली. साहेबांचे फोनवर फोन चालले होते.

शेवटी बाहेर मोटार थांबली. जाड आवाजात कोणी म्हणालं, "आजी, कार्ड दाखवा." थोड्या वेळाने शेजारचा पडदा सरकला. सासूबाईंचा खोकला मी ओळखला.

तेव्हा कुठे मी शिक्का मारला.

"ठरलं का तुझं एकदाचं?" सासूबाई हसत म्हणाल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. मीही.

फाटकाबाहेर सकाळी परतलेल्या आमच्या बाया जमल्या होत्या, घासलेले हात पुढे करून. पोलीस कडी लावत होता.