आईच्या कुंड्यांवर कात्री

केस कापण्यात धाकट्याचा हात धरेल असा न्हावी आसपास नव्हता. पण आईच्या पेटुनियांना कात्री लावायची म्हटलं की तो कात्री खाली ठेवी. आई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली होती. "परत आले की आधी फुलं बघणार," असं बजावून गॅलरीतल्या कुंड्या त्याच्या हवाली करून.

तो रोज पाणी घाली, सुकलेल्या पाकळ्या खुडी. तरी भर उन्हाळ्यात काड्या लांबून कुंडीबाहेर लोंबू लागल्या. खाली पिवळी पानं, टोकाला एखादं फूल.

थोरल्या वहिनीने एक काडी उलटून पाहिली. "भावोजी, पाकळ्या ओढून काढता आणि खालचं हिरवं बोंड तसंच ठेवता. झाड बी धरत बसलंय, फुलं कुठून देणार? आता अर्धं कापायला हवं."

"अर्धं! आणि आईला काय खुंट दाखवू?"

"नाही कापलं तर पाचोळा दाखवाल. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर एवढा विचार करता का हो?"

"डोक्यावर केस परत येतात!"

"हेही येतात. सरका."

प्रत्येक काडीवर थोडी पानं राखून ती कापत गेली. कात्री कुठेच अडखळली नाही. धाकट्याला धास्ती वाटत होती, तरी त्या हाताला मनातल्या मनात दाद द्यावीच लागली. मग तिने मुळाशी पातळ खत घातलं आणि कुंड्या दुपारच्या उन्हातून आत ओढल्या.

काही दिवसांत पानांच्या बेचक्यातून कोंब फुटले, कळ्याही धरल्या. पण आई ठरल्याआधीच येऊन थडकली. फुलं मोजकीच होती. धाकटा कुंड्यांपुढे आडवा उभा राहिला.

"हो बाजूला." आई खाली वाकली. मग एक कोवळं पान बोटावर घेऊन म्हणाली, "अरे, याला लव आहे! इतकी वर्षं लावतेय, कधी दिसलीच नाही." तिने कापलेल्या जागा चाचपल्या. "दर उन्हाळ्यात फुलांच्या मोहापायी मी झाडं घालवली. कापायची छातीच झाली नाही. कोणी कापली रे?"

"वहिनीने," धाकटा म्हणाला, आणि आपण तिला कापू देत नव्हतो हेही सांगून टाकलं.

"ते वेगळं सांगायला नको," आई म्हणाली. "माझ्याच पोटचा तू."