गुणाची पोर

हर्षाली रडायची नाही, म्हणून अख्ख्या आळीत तिचं कौतुक होतं.

"आठ महिन्यांची झाली, पण आवाज म्हणून न्हाई," सोजराबाई आल्यागेल्याला सांगायच्या. "आमच्या जयदीपनं घर डोक्यावर घेतलं हुतं. नात गुणाची हाय." पोर गुबगुबीत, पांढुरकी. बायका गाल ओढून म्हणायच्या, मेणाची बाहुलीच जणू!

तनुजाला त्या बाहुलीचीच भीती वाटायची. पाचव्या महिन्यात खुळखुळ्यावर झेपावणारी, खदखदून हसणारी लेक आता मांडीवर कणकेच्या गोळ्यासारखी पडून असायची. मान लटपटायची. वरणभात भरवला तर तोंडातून ओघळायचा.

"तू फार बघत बसतेस तिच्याकडं," जयदीप कंपनीचा शर्ट चढवता चढवता म्हणायचा. "मोबाईलवर वाचायचं आणि घाबरायचं."

गोठ्यात चार म्हशी होत्या आणि तनुजा कोरा चहा प्यायची. बाळंतपण अडलं तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर सोजराबाई देवाला बोलून बसल्या होत्या, 'नातू दे, सून वर्षभर दूधदुभत्याला शिवायची न्हाई.' नवस सासूचा, तोंड सुनेचं. नातू झाला नाही, नवस मात्र राहिला. "पोरगी दिली म्हणून काय देवाला फसवायचं व्हय?" घर माळकरी. माहेरी, भोसरीला, रोज खाल्लेलं अंडं चार वर्षांत तिनं डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं.

तिच्या पायांना मुंग्या यायच्या, जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती. जिना चढताना धाप लागायची. बोटांची पेरं काळवंडली होती; भांडी घासून असेल, असं तिला वाटायचं.

"वजरीनं घासत जा ते हात," सोजराबाई चारचौघींत म्हणायच्या. "कॉलेजात हात धुवायला शिकवत न्हाईत वाटतं!" बायका हसायच्या. तनुजा वजरी घ्यायची आणि सालं निघेतो घासायची.

एका सकाळी लेकीला न्हाऊ घालताना तिचा हात थांबला. हर्षालीच्या इवल्याशा बोटांची पेरंही तशीच काळी होती.

या पोरीनं कुठली भांडी घासली होती?

माहेरी जाते असं सांगून तिनं थेट भोसरीतला लहान मुलांचा दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी आधी पोरीचे हात पाहिले, मग आईचे. दोघींचं रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी कागद पुढ्यात ठेवला.

"बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. त्याच्याविना रक्ताच्या पेशी नीट तयार होत नाहीत. मोठ्या, कच्च्या राहतात, आणि कमी पडतात. तुमच्यातच नाही, तर तुमच्या दुधात कुठून येणार?"

तनुजानं मान खाली घातली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी याच आजारावर तिनं दोन पानं उत्तर लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते.

"पहिल्यासारखी होईल ना?"

"हसेल, मान धरेल. मेंदू किती मागं पडलाय ते आज नाही सांगता येत. रोज इंजेक्शन, दोघींना. आणि तुम्ही दूध, अंडी सुरू करा. मध्येच तिचे हात थरथरतील. तसं होतं कधी कधी. लगेच घेऊन या, पण औषध सोडू नका."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं आणि सासूसमोर उभ्यानं पेलाभर दूध प्याली.  आता देव काय करतो, याची सोजराबाई वाट बघत होत्या.

चौथ्या दिवशी पहाटे हर्षालीचे हात थरथरू लागले.

"बघा, बघा!" सोजराबाईंनी आळी गोळा केली. "देवाचा घास खाल्ला हिनं, आन् भोगतीय पोर! स्वतःचं दूध नासकं निघालं ते न्हाई सांगायची."

"हे होणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं," तनुजा म्हणाली. "जयदीप, गाडी काढा."

जयदीपनं गाडीची किल्ली मुठीत धरली. आईकडं पाहिलं. "आजचा दिवस राहू दे. देवाला नारळ फोडू, मग बघू."

तनुजानं पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि पायीच फाट्यावर आली. भरल्या रिक्षात कडेला जागा मिळाली. पाय बधिर, छाती धडधडत होती. मांडीवर ते इवले हात थरथरतच होते.

मोशीच्या पुढं हर्षालीनं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"अहो ताई, गप करा की तिला," शेजारची बाई वैतागली. "डोकं उठलं सगळ्यांचं."

तनुजानं तिला गप केलं नाही.