न सुटलेला उपास

"अकरा वाजले, बाबा. खा आता."

टेबलावरचा फोन नुकताच किणकिणला होता. मास्तरांनी ताट जवळ ओढलं, भाताकडे पाहिलं आणि परत होतं तिथे सारलं.

"खातो गं. घाई काय आहे?"

"परवा पंप हाउसमध्ये चक्कर येऊन कोसळलात, ते काय उगाच? गोळ्या घेऊन उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय." मुलगी नोकरीतून रजा काढून आली होती आणि बापाच्या हट्टापुढे तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

पाणीपुरवठ्याच्या पंपावर एकतीस वर्षं काढलेल्या या माणसाला सगळे घड्याळमास्तर म्हणत. दर तासाला दाब बघायचा, टाकीची पातळी बघायची आणि नोंदवहीत लिहायची. पाच मिनिटं उशीर झाला, तर पाच मिनिटं उशीर असंच लिहायचं. चहाच्या नादात चुकलेलं रीडिंग अंदाजे ठोकून द्यायला बाकीचे मोकळे होते. मास्तरांनी ते पाप कधी केलं नाही. त्यामुळे दोघा नवराबायकोची साखर बघून डॉक्टरांनी सकाळी अकरा ते संध्याकाळी सात एवढ्यातच खायला सांगितलं आणि मुलीनं फोनवर उपासाचं अ‍ॅप टाकून दिलं, तेव्हा मास्तरांना आयतंच मोकळं रान मिळालं.

बायकोचा फोन साधा, म्हणून दोघांचीही खाती मास्तरांच्याच फोनवर होती. शेजारी शेजारी दोन गोल, उपासाचे तास मोजणारे. नियम त्यांनीच काढला: एकट्यानं आधी तोंडात काही टाकायचं नाही, दोघांचे उपास एकदमच सोडायचे. "घरात नवरा आहे की शाळेची घंटा, तेच कळत नाही," असं ती शेजारणीला हसून सांगायची.

ती जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. मुलीनं फोन उचलला. एक गोल मास्तरांचा, सोळा तास पुरे झाल्याचा. शेजारचा आईचा. तो अजून चालूच होता. अकराशे चव्वेचाळीस तास, आणि तिच्या डोळ्यांदेखत सेकंद पुढे सरकत होते.

"बाबा, हे काय? बंद नाही केलंत?"

"तिचा कुठे सुटलाय अजून?" मास्तर म्हणाले. "मग मी कसा खाऊ? संध्याकाळी जीव जगवण्यापुरते दोन घास ढकलतो, तेवढंच. ताट घेऊन बसलो की वाटतं, ती समोर बसलीय आणि माझ्या हाताकडे बघतेय."

"आई अशी बघेल का कधी?"

"त्या दिवशी बघत होती."

मग अडखळत अडखळत त्यांनी सगळं सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी पावणेसातला जेवण झालं होतं. घशाखाली उतरत नाही म्हणून ती दोन घासांवरच उठली. सात वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, पोटात खड्डा पडल्यासारखं होतंय. अर्धा कप दूध घेऊ का?" मास्तरांनी फोन तिच्यासमोर धरला. "दहा मिनिटं होऊन गेली. आता उद्या अकराला." ती हसली. "बरं, मास्तर म्हणतील तसं," म्हणाली आणि जाऊन पडली. सकाळी उठलीच नाही.

"हृदय बंद पडलं बाबा. दुधानं काय होणार होतं?"

"वाचली नसती, ठाऊक आहे मला. पण भुकेली गेली गं. माझ्या घरातून भुकेली गेली."

मुलीनं डोळे पुसले. "तुम्ही झोपल्यावर उठून प्यायलीही असेल. तुम्हाला कुठे कळतंय झोपेत? लिहून टाकू या आपण. रात्री नऊ, दूध." तिनं बोट पुढे नेलं.

मास्तरांनी तिचा हात धरला. "सकाळी मी पातेलं उघडून बघितलं होतं. साय मोडलेली नव्हती. खोटं रीडिंग नको लिहूस."

त्यांनी फोन स्वतःकडे घेतला. बायकोच्या गोलावर बोट ठेवलं. मग त्यांनी दाबलं, आणि आकडे थांबले.

अ‍ॅपनं विचारलं: उपास का सोडला? खाली तीन उत्तरं होती. वेळ पूर्ण झाली. बरं वाटत नव्हतं. भूक लागली.

मास्तरांनी चष्मा पुसून तिन्ही नीट वाचली. 'भूक लागली'वर बोट टेकवलं.

'काही हरकत नाही,' फोनवर अक्षरं उमटली. 'एखाद्या दिवशी एवढं चालतं.'

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "चालतं म्हणे गं," ते मुलीला म्हणाले. भात केव्हाच गार झाला होता. त्यांनी घास उचलला, पण तो तोंडापर्यंत न्यायला त्यांना फार वेळ लागला.