लंगडीचा ठेका

मेंढपाळाची विझलेली शेकोटी. राख बाजूला सारली, तर खाली थिजलेला रुप्याचा ओघळ.

डोंगराच्या आत शीळ घालायची नाही.

एका घराचे धुराडे दुसऱ्या घराच्या उंबरठ्याशी. खालच्या बाईने कांदा परतला की डोळे वरच्या बाईचे चुरचुरतात.

"हेच मेपलचं झाड पाडा. याचं लाकूड गातं."

टक टक. … टक.

मित्रांनो, हे तुकडे तुम्हाला सुटे वाटतील. पण ते सारे एकाच गावाचे आहेत आणि त्यातला शेवटचा आवाज माझा आहे. मी एक जुनी फळी आहे. रुदोव्हेत्स नावाच्या, रुप्याच्या खाणगावात, टेकडीवरच्या लाकडी मनोऱ्यात, दोन साखळ्यांना टांगलेली. माझे रोजचे काम एकच होते. पहाटे मोगरीचे टोले खायचे आणि खाणकामगारांना उठवायचे.

मी वाजले की खिडक्या उजळत. मग दारे उघडत, आणि हातात दिवे घेतलेली माणसे उतारावरून निघत. वरून ती एक लांब, हलती, पिवळी रेघ दिसे. ती डोंगराच्या तोंडाशी पोहोचे, आणि डोंगर तिला हळूहळू गिळून टाकी. रोज पाहूनही मला त्याची सवय झाली नाही. एवढा मोठा डोंगर, आणि त्याच्या पोटात आमच्या गल्ल्यांतली माणसे! आत काय असेल? गावात वर जेवढे रस्ते, त्याहून जास्त खाली आहेत, असे म्हणत. खाणीतले पाणी उपसणारी चाके फिरावीत म्हणून आजोबा-पणजोबांनी डोंगरावर बांध घालून तळी साठवली होती. पाणी काढायला पाणीच कामाला लावले! मी मात्र आपली टांगलेली. डोंगर बाहेरून तेवढा पाहिलेला.

आणि मग मला तडा गेला.

तड्यावर टोला बसला असता तर माझे दोन तुकडे झाले असते. म्हणून मला वाजवणारा ब्लाजेय डावीकडे दोन टोले मारी, तडा ओलांडून पलीकडे जाई, आणि तिथे तिसरा मारी. मध्ये एक श्वास जाई. टक टक. … टक.

"ब्लाजेय, तुझी फळी लंगडते रे!" खालून कोणीतरी ओरडे.

"लंगडू दे. तुला अंथरुणातून ओढून काढते ना?"

तेव्हापासून माझे नाव लंगडी पडले. शेजारच्या खाणगावातले लोक आम्हाला हसत. शेवटी गावाने नवी फळी करून घेतली. गुळगुळीत, सरळ, ताज्या लाकडाच्या वासाची. ती मनोऱ्याच्या खालच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. संत बार्बरा ही खाणकामगारांची रक्षणकर्ती. तिच्या सणाला मला उतरवून नव्या फळीला टांगायचे ठरले होते. माझे पुढे काय करायचे, हे कोणी बोलत नव्हते. लाकडाचे दुसरे काय करतात, मित्रांनो?

सण जवळ आला होता, तेव्हा खाणीतल्या एका बोगद्याचे छत कोसळले. सगळे बाहेर पळाले. एकटा व्हेंडेल आत राहिला. व्हेंडेल म्हणजे ब्लाजेयचा मुलगा.

मुकादम गाश्पार माणसे घेऊन दगड उपसायला गेला आणि दुपारी एकटाच मनोऱ्यावर आला. टोपी हातात. खालच्या खोलीतले बोलणे मला वर स्पष्ट ऐकू येते.

"देव भलं करो, ब्लाजेय."

"करेल तेव्हा खरं. सापडला?"

"खणत होतो. मग दगडाच्या आतून ठोकायला लागले."

"कोण?"

"बुटके."

डोंगराच्या पोटात बुटके राहतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. ते आतून ठोकू लागले की समजायचे, आणखी छत कोसळणार. तेव्हा हातातले काम टाकायचे, मागे वळून न पाहता निघायचे, आणि आत राहिलेल्याला गेला म्हणायचे. मग मनोऱ्यातून तीन संथ टोले द्यायचे. ते टोले मयताचे.

"तुझ्याच्याने होणार नाही," गाश्पार म्हणाला. "मी वाजवतो."

"माझ्या पोराचं मीच वाजवीन."

ब्लाजेय जिना चढून वर आला. त्याने मोगरी उचलली. तिची सावली माझ्यावर पडली.

तेवढ्यात खाली दार आपटले. व्हेंडेलची बायको ओतिलिया आली होती. तिच्या टोपलीत चरबी लावलेला पाव होता. नवरा बाहेर आला की त्याला द्यायचा, म्हणून.

"ठोकत होते म्हणजे कसे ठोकत होते?" तिने विचारले.

"पोरी, त्यांची नक्कल करू नये. अपशकुन असतो."

"आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय, काका? वाजवून दाखवा."

गाश्पारने नाइलाजाने चिलीम मेजावर आपटली. टक टक. … टक.

"परत."

टक टक. … टक.

"अहो, ही तर लंगडी!"

"असेल. बुटक्यांनीही ऐकली असेल तिला—"

"बुटके तुमच्यासारखेच घोरत असतील पहाटे! तुम्ही पुरुष तिला अर्धवट झोपेत ऐकता. चूल मी पेटवते. याच ठेक्यावर रोज कणीक मळते मी. माझ्या हातांना विचारा!" मग ती जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडली, "बाबा, मारू नका! तो हाक मारतोय!"

मोगरी माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

ब्लाजेयने ती खाली घेतली आणि म्हणाला, "हिला उतरवा. खाली न्यायचीय."

"कशाला?" गाश्पारने विचारले. "उत्तर द्यायला दगडावर ठोकलं तरी चालेल."

"दगडावर ठोकलं तर तोही म्हणेल, बुटके आले. घाबरून गप्प बसेल गाढव. हिला तो ओळखेल."

असे मला गाश्पारच्या माणसांनी खांद्यावर घेतले आणि डोंगराच्या तोंडातून आत नेले. ओतिलिया टोपली घेऊन मागोमाग आली.

मित्रांनो, काय सांगू! मला वाटले होते, आत नुसता अंधार असेल. पण दिवा हलला की भिंती चमकत. दगडात रुप्याच्या शिरा होत्या, माझ्या अंगावरच्या रेषांसारख्याच. जणू डोंगरही एके काळी झाड होता. पुढे एक दालन आले, आमचे देऊळ मावेल एवढे उंच. ते कोणी बांधले नव्हते. माणसांनी टिकावाने कोरून कोरून रिकामे केले होते, आणि छताजवळसुद्धा टिकावांचे व्रण होते. कोण चढले असेल तिथे? वर गाव आहे, गावात चुली आहेत, आणि त्या सगळ्याखाली ही केवढी पोकळी! मी साखळ्यांशिवाय थरथरत होते.

कोसळलेल्या दगडांपाशी दोघांनी मला धरले. ब्लाजेयने मोगरी मारली.

टक टक. … टक.

काही नाही. पाणी ठिबकत होते. गाश्पारने छातीवर क्रुसाची खूण केली.

आणि मग डोंगराच्या पोटातून, माझाच आवाज आला.

मी वाजत राहिले, तो उत्तर देत राहिला, आणि त्या उत्तराच्या रोखाने माणसे खणत गेली. शेवटी एका फटीतून धुळीने पांढरा झालेला चेहरा दिसला.

"बाबा," व्हेंडेल घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उठवायला आता इथपर्यंत यायला लागलात?"

"चल ऊठ," ओतिलिया म्हणाली. "पाव वाळला." आणि मग ती रडली.

नवी फळी गाश्पारने घरी नेली. तिचे जेवणाचे मेज झाले, चांगले झाले. खाण पुढे बऱ्याच वर्षांनी बंद पडली. तळ्यांत आता मुले पोहतात, बोगद्यांतून पाहुणे डोक्यावर शिरस्त्राणे घालून वाकून चालतात, आणि माझ्या खालच्या खोलीत चहा मिळतो. मधली काही वर्षे मात्र कोणी फिरकले नाही. कबुतरांनी मला पांढरे करून टाकले होते.

परवा एक कारागीर डिंकाचा डबा घेऊन आला. तडा बुजवतो, म्हणाला, नव्यासारखी करतो. व्हेंडेलची नात हल्ली मला वाजवते. ती साखळीपाशी वाट अडवून उभी राहिली. "धूळ पुसा, तेल लावा," ती म्हणाली, "पण हिचं लंगडणं आमचं आहे."

तुमच्याही घरी जुन्या वस्तू असतील, मित्रांनो. त्या स्वच्छ ठेवा, जपा. पण एखादीतली खोट काढून टाकण्याआधी तिच्यावर कान ठेवून ऐका. कोणीतरी तिच्याच आधाराने अंधारात वाट पाहत असेल.

मला तडा गेला ती पहाट कडाक्याच्या थंडीची होती. ब्लाजेयला नुकताच मुलगा झाला होता, आणि त्याने मोगरी जरा जास्तच जोरात मारली.