शीळवालीचा सूर

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. पट्ट्या पिवळ्या पडल्या, पण आवाज अजून खणखणीत. ही बढाई नव्हे. वाजायला मला दुसऱ्याचे हात लागतातच!

तरुणपणी मी गाण्याच्या वर्गात मिरवले. वर्ग बंद पडला आणि मी माळ्यावर धूळ खात बसले. एका दवाखान्यात गाण्याने उपचार करणाऱ्या ताई होत्या, सगळ्यांच्या गाणेताई; त्यांनी मला तिथून त्या दवाखान्याच्या जेवणघरात आणले. तिथल्या मुलींना अन्नाचीच भीती वाटे. कसाबसा घास गिळला, तरी जेवणानंतरचा वेळ त्यांना खायला उठे. तेव्हा जिला सर्वांत जड जाई, तिने माझा भाता हलवायचा आणि ताईंनी पट्ट्या वाजवायच्या. हळूहळू मुलीचा श्वास लयीत येई.

त्यांतली एक भाता हलवताना शीळ घालायची, म्हणून तिला सगळे शीळवाली म्हणत. ती सुधारत होती. एकदा तिची आत्या भेटायला आली आणि प्रेमाने म्हणाली, "अगं बाई, गाल किती छान भरले गं तुझे!"

भाता थांबला. माझा सूर मध्येच विझला. आत दबा धरून बसलेल्या आजाराला तेवढे वाक्य पुरले. त्या दिवसापासून ती पुन्हा ताट सरकवू लागली. सगळ्यांनी जिवाचे रान केले, पण ती वाचली नाही.

तेव्हापासून पट्टी न दाबताही माझ्यातून बारीक शीळ येते. दुरुस्तीवाला म्हणाला, "फट पडलीय. बुजवू का?"

"राहू द्या," ताई म्हणाल्या. मला त्या शिळेची भीती वाटते, आणि ती थांबेल याचीही.

पुढे एक नवी मुलगी आली. वयाने सर्वांत लहान, म्हणून धाकटी. भाता धरताच तिने विचारले, "ताई, हे कोण गातंय?"

"तुझ्याआधी इथे बसायची, ती."

"बरी होऊन गेली?"

"नाही गं."

तरी धाकटीने भाता सोडला नाही. दिवसामागून दिवस ती घास घेऊ लागली. मग एके दुपारी तिची मावशी आली आणि दारातूनच म्हणाली, "अगं बाई, किती छान भर..."

मी हादरले. तेच शब्द! इतक्यात धाकटीने भाता जोरात ओढला. जेवणघरभर नुसती शीळ घुमली. मावशी दचकून थांबली.

"मावशी, माझ्या अंगाबद्दल नको ना बोलू. त्यापेक्षा माझ्याबरोबर गा."

"अगं, माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं!"

"चालेल."

मावशी भलतीच बेसूर गायली. धाकटी पोट धरून हसली आणि संध्याकाळी तिने ताट संपवले. काही महिन्यांनी ती बरी होऊन घरी गेली.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी खूप दिवसांनी भेटले, तर त्याचे गाल आणि कंबर न्याहाळू नका. "काय गाऊया?" एवढेच विचारा. आत्याने ते विचारले असते, तर कदाचित आज ही शीळ माझ्या फटीतून नव्हे, शीळवालीच्या ओठांतून आली असती.