दोन रेघा जास्त

शाळेच्या वर्कशॉपमधल्या लेथ मशीनला सगळे सासूबाई म्हणत, कारण तिला कितीही द्या, ती दोन रेघा कमीच धरायची. लेथ म्हणजे लोखंडाचा दांडा गरागरा फिरवून हत्याराने तासणारं मशीन. हत्यार किती आत न्यायचं ते चाकाच्या डायलवरच्या रेघा सांगतात. सासूबाईंचा स्क्रू इतका झिजला होता की चाक फिरवल्यावर पहिल्या दोन रेघा नुसत्या हवेत जायच्या, हत्यार जागचं हलायचं नाही. नवा स्क्रू मिळावा म्हणून लेथमास्तरांनी चौदा वर्षांत एकवीस अर्ज केले. एकविसाव्याला उत्तरही आलं. विसावा अर्ज विहित नमुन्यात नव्हता, असं त्यात कळवलं होतं.

तेव्हा मास्तरांनी कुठलाही शहाणा माणूस करेल तेच केलं. सासूबाईंना सुधारण्याच्या भानगडीत न पडता मुलांना वळण लावलं. "शेवटच्या कटाला दोन रेघा जास्त!" हे वाक्य ते इतक्या वेळा ओरडले होते की घरी बायको म्हणायची, तुम्ही चहात साखरसुद्धा तशीच घालता.

पहिल्या काही बॅचना ते त्यापुढे आणखी एक वाक्य सांगत: "पण हे फक्त हिच्यापुरतं हं. बाहेरची मशीनं अशी नसतात." मग कधीतरी ते वाक्य गळलं. कुठल्या वर्षी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्याने काही बिघडलंही नाही, कारण कारखान्याचा माणूस दर वर्षी शाळेत येऊन सासूबाईंवरच मुलांची परीक्षा घ्यायचा. नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात चार शिव्या खाऊन पोरं आपोआप सरळ होत.

यंदा कारखान्यात नवा मॅनेजर आला. त्याने शुक्रवारी मुलांनाच तिकडे बोलावलं, आणि शनिवारी सकाळी अकराला मास्तरांना फोन केला.

"नऊच्या नऊ नापास," तो म्हणाला. "हात बरा आहे पोरांचा, पण सगळे दांडे बारीक. एकही मापात नाही. जाड राहिला असता तर पुन्हा तासता येतो. बारीक झालेल्याचं काय करू? लोखंड काय पुन्हा चिकटवू?"

"किती बारीक?" मास्तरांनी विचारलं. उत्तर काय येणार ते त्यांना आधीच कळलं होतं.

"तीच तर गंमत आहे. सगळे सारखेच. दोन-दोन रेघा."

मास्तर खाली बसले. जिथे बसले तिथे स्टूल होतं, हे नशीब. खरं बोलायची वेळ तेव्हाच होती. पण माणसाचा कणा आणि त्याची जीभ एकाच वेळी कामावर येतातच असं नाही. "बघतो," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. कारखान्याची नव्या भरतीची यादी त्याच दिवशी पाचला बंद होणार होती, आणि दुपारी तीनला याच नऊ जणांचा निरोपसमारंभ होता.

मुख्याध्यापिकाबाई अडीचला वर्कशॉपमध्ये डोकावल्या. "मास्तर, निकाल कळल्यापासून पोरांची तोंडं बघवत नाहीत. काहीतरी उमेद देणारं बोला. आत्मविश्वास, जिद्द वगैरे. दहा मिनिटं. आणि शेवटी हसू आलं पाहिजे."

"कोणाला?"

"मुलांना हो!"

हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या, त्या सुतारकामाच्या मुलांनी केलेल्या. त्यामुळे पालक जपून बसत होते. नऊ जण पहिल्या रांगेत होते. त्यातला पैलवान मुठी मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत होता. त्याच्या शेजारी वकीलबाई. हे नाव तिला मास्तरांनीच दिलं होतं, कारण तीन वर्षांत तिने एकही सूचना 'का?' विचारल्याशिवाय पाळली नव्हती. फक्त दोन रेघांच्या बाबतीत तिने 'का?' विचारलं नाही. शाळेत आल्या दिवशीच सासूबाईंना भेटलेल्या मुलीला जग तसंच असतं असं वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं?

तिच्या मागे तिचा मामा बसला होता. त्याची लाँड्री होती.

"ऐकलं मी," मामा पुढे वाकून तिला म्हणाला. त्याला हळू बोलण्याची सवय नव्हती. "तोंड पाडू नकोस. सोमवारी आठला दुकानात ये. कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावायच्या. बसून काम आहे. लोखंडाशी काय झोंबाझोंबी करायची बाईमाणसाने?"

"मामा, आत्ता नको."

"मी कुठे आत्ता म्हणतोय? सोमवारी म्हणतोय."

 वकीलबाई गप्प बसलेली मास्तरांनी तीन वर्षांत पाहिली नव्हती. ते माइकपाशी गेले ते तिच्याकडे बघतच.

"विद्यार्थी मित्रांनो," त्यांनी सुरुवात केली, "आयुष्यात अपयश येतं. अपयशातून माणूस..."

पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. पण समोर पैलवानाने डोळे पुसले. पैलवान वजनाने ब्याण्णव किलो होता, आणि ब्याण्णव किलोचं रडणं दुरूनही दिसतं.

"...माणूस काही शिकत वगैरे नाही," मास्तर म्हणाले. "अपयश तुमचं नाहीच. माझं आहे."

मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. जेमतेम एक मिनिट झालं होतं.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. झिजलेला स्क्रू, हवेत जाणाऱ्या रेघा आणि गळलेलं वाक्य. "चांगल्या मशीनवर दोन रेघा जास्त दिल्या की दांडा दोन रेघा बारीक होतो. तुम्ही मी शिकवलं ते जसंच्या तसं केलंत. तुमचा हात उत्तम आहे. तुमचा मास्तर गाढव आहे."

आता मुलं उठतील, गळ्यात पडतील, निदान एखादी टाळी वाजेल, असं मास्तरांना कुठेतरी वाटलं असावं. माणूस कबुली देतो तेव्हा त्याला थोडी सूट हवी असते. वकीलबाई उठली, पण गळ्यात पडायला नव्हे.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी. अकराला."

"आत्ता साडेतीन वाजलेत. साडेचार तास आम्ही स्वतःला ढ समजत बसलोय. यानं तर," तिने पैलवानाकडे बोट केलं, "आईला सांगून टाकलं, मला जमत नाही म्हणून. आणि तुम्ही भाषण पाठ करत होतात?"

"होय," मास्तर म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं.

"मॅनेजरला सांगितलंत?"

"नाही."

"फोन लावा."

"समारंभ झाला की..."

"सर, फोन लावा."

मास्तरांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि घाईत स्पीकरचं बटण दाबलं. समोर माइक चालू होता. इलेक्ट्रिशियन विभागाने समारंभासाठी खास जोडलेला, आणि शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच खरखर न करणारा. मास्तरांनी पुन्हा सगळं सांगितलं, आणि मॅनेजरचा आवाज हॉलभर घुमला.

"म्हणजे पोरांना चुकीचं शिकवलंत?"

"आमच्या मशीनपुरतं बरोबर शिकवलं. तुमच्या मशीनपुरतं..."

"चुकीचं."

"चुकीचं."

"मग आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या हाताखालची पोरं मी कशाला घेऊ? आणखी काय काय उलटं शिकवलंय कोण जाणे."

"साहेब, हात जोडतो. मला काय हवं ते बोला. लेखी देतो, शाळेच्या शिक्क्याने देतो, मास्तर नालायक आहे म्हणून. पण पोरांना एकदा बघा. फक्त एकदा. तीन वर्षं घातलीत हो त्यांनी."

 पालकांमध्ये कोणीतरी खाकरलं. मुख्याध्यापिकाबाई शिक्क्याच्या उल्लेखाने ताठ झाल्या होत्या, त्याही आता खाली बघू लागल्या.

"एकाला पाठवा," मॅनेजर शेवटी म्हणाला. "नऊ जणांना घालवायला वेळ नाही माझ्याकडे. एक दांडा, वीस मिनिटं. मापात आला तर बाकीच्यांचं बघू. पाचला भोंगा झाला की विषय संपला."

कोण जाणार, यावर चर्चा झाली नाही. आठ जण वकीलबाईकडे बघत होते. मामाही बघत होता, पण वेगळ्या कारणाने. "सोमवारचं काय ते मला आजच कळव," तो म्हणाला. "नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो."

एकाला बोलावलं होतं, गेले दहा. बसमध्ये मास्तर दाराजवळच्या दांड्याला लोंबकळत तिला म्हणत होते, "दोन रेघा विसर. काहीही झालं तरी दोन रेघा विसर."

"सर, तुम्ही बोललात की मला दोनच आठवतंय. गप्प बसा."

मास्तर गप्प बसले. सतरा थांबे.

कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनने आत नेऊन नऊ जणांना पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं. पट्टा मशीनपासून वीस पावलांवर होता. मास्तरांना त्याने एक बोट वर करून स्वतंत्र बजावलं, "तुम्ही विशेषतः." म्हणजे फोनची बातमी इथवर पोचली होती.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मॅनेजरने वकीलबाईच्या हातात दांडा दिला. मशीन नवं होतं. त्याचं चाक बोटाने ढकललं तरी फिरायचं. ते बघून मास्तरांना पहिल्यांदा भीती वाटली. सासूबाईंचं चाक फिरवायला खांदा लागायचा.

तिने दांडा बसवला, मशीन चालू केलं, वरचं पापुद्र्याएवढं लोखंड काढलं आणि माप घेतलं. ठीक. मग चाक मोजून पाच रेघा फिरवलं, एक कट घेतला, मशीन थांबवलं, पुन्हा माप घेतलं. चाक मागे घेतलं, पुढे आणलं, पुन्हा पाच रेघा, पुन्हा थांबवलं, पुन्हा माप.

"हे काय चाललंय हिचं?" पैलवान कुजबुजला.

मास्तरांना मात्र कळलं. ती दांडा तासतच नव्हती, मशीनची उलटतपासणी घेत होती. पाच म्हटल्यावर पाचच जातंय की तीन, हे बघत होती. मशीन प्रत्येक वेळी खरं बोलत होतं आणि तिचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. तीन वर्षं खोटं ऐकलेल्या माणसाला खरं ऐकायला जास्त वेळ लागतो. चौथ्यांदा थांबवलं तेव्हा बारा मिनिटं गेली होती.

"पुढे जा," मास्तर पट्ट्यामागून पुटपुटले. "पुढे जा गं बाई. खरं आहे ते. घे कट."

वॉचमनने बोट वर केलं.

तिने कट घेतले. एक, दोन, तीन. लोखंडाचे निळसर कुरळे खाली पडत होते. आता फक्त शेवटचा राहिला. तिने माप घेतलं, डायल शून्यावर लावली आणि चाकाला हात घातला. मास्तरांनी वीस पावलांवरून पाहिलं, तिचं मनगट हवं तिथे थांबलं नाही. सवयीने पुढे गेलं. दोन रेघा. हत्यार अजून लोखंडाला लागलं नव्हतं. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. मग चाक पूर्ण मागे घेतलं आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागली. तिचे ओठ हलत होते.

भोंगा झाला.

कारखान्यात पाचच्या भोंग्याला वीज बंद करायची शिस्त होती. मशीन हळूहळू थांबलं. तिचा हात चाकावर तसाच राहिला.

मॅनेजर आला. त्याने खिशातला मायक्रोमीटर काढून दांडा मोजला. नंतर पुन्हा मोजला. माणसं वाईट बातमी दोनदा मोजतात.

"शेवटचा कट राहिलाय," तो म्हणाला. "जाड आहे. मापात नाही."

"एक मिनिट," वकीलबाई म्हणाली.  "फक्त एक मिनिट वीज द्या."

"वेळ संपली."

मास्तर पिवळा पट्टा ओलांडून पुढे आले. वॉचमन मागून धावला. "साहेब, जाड आहे! तुम्हीच म्हणालात, जाड असेल तर तासता येतो. बारीक नाही झाला. तिनं हात मागे घेतला, मी बघितलं. साहेब, तुम्ही बघितलंत ना?"

 मॅनेजर मशीनच्या पकडीत अडकलेल्या दांड्याकडे बघत होता. शेजारी रद्दीचा डबा होता, त्यात कालचे नऊ बारीक दांडे पडले होते. हाही काढून त्यात टाकावा की नाही, हे त्याला ठरवता येईना. खराब न झालेलं लोखंड फेकायला लोखंडाच्या माणसाचा हात धजत नाही.

"राहू दे तिथेच," तो वैतागून म्हणाला. "यादी सोमवारी आठला वर पाठवतो. सातला ये आणि संपव. कोणी हात लावणार नाही त्याला."

"आणि बाकीचे?" वकीलबाईने विचारलं.

"बाकीच्यांचं काय?"

"एक दांडा मापात आला तर बघू म्हणालात. सोमवारी मापात येईल. मग तेव्हा यांना बोलवायला वेळ कुठे आहे? आधीच आलेले बरे."

मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं. "हिला वकील म्हणतात का?"

"वकीलबाई," पैलवान म्हणाला.

"आणा सगळ्यांना. सातला. घेईनच असं म्हणत नाहीये मी." मग त्याने मास्तरांकडे वळून बोट रोखलं. "यांना मात्र आणू नका."

"नाही येत," मास्तर म्हणाले. त्यांना खुर्ची मिळाली असती तर त्या क्षणी ते बसले असते.

बसथांब्यावर दहा जण उभे होते. आनंद कोणाला झाला नव्हता. सोमवार अजून यायचा होता, आणि वकीलबाईने मामाला 'येत नाही' असं कळवून टाकल्यामुळे तिच्या हातात आता लाँड्रीही नव्हती. मास्तर चार पावलं दूर उभे होते. कोणी आभार मानले नाहीत. त्यांनीही अपेक्षा केली नव्हती. फारशी.

वकीलबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, तो फोनवर म्हणाला, आणखी काय काय उलटं शिकवलंय कोण जाणे. कोण जाणे म्हणजे तुम्हीच. आणखी काय काय आहे?"

"काही नाही गं. एवढंच होतं."

"नीट आठवा."

मास्तरांनी आठवलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"स्टीलची पट्टी," ते म्हणाले. "तिचा सुरुवातीचा एक मिलिमीटर झिजलाय. म्हणून आपण एकपासून मोजतो. तिकडे शून्यापासून मोजा."

एकाने वही काढली. मग दुसऱ्याने.

"पुढे."

"पान्यांची मधली पेटी. तेरा लिहिलेला पाना चौदाचा आहे."

"सर!"

"दुकानदाराने परत घेतला नाही. आणि ड्रिल मशीन..." मास्तर थांबले.  "ड्रिल मशीनचं लाल बटण. बाहेर सगळीकडे लाल म्हणजे बंद."

नऊ पेनं थांबली.

"आपल्याकडे तर लाल दाबलं की सुरू होतं," पैलवान म्हणाला.

"आपल्याकडे उलटं जोडलंय."

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "येताय का?" कोणी हललं नाही. दार बंद झालं.

"पुढे," वकीलबाई म्हणाली.