पायाने घास धरणारी पाणकोंबडी

मित्रांनो, तळ्याकाठच्या पाणकणसांच्या दाटीत सारा जन्म काढलेली मी एक म्हातारी जांभळी पाणकोंबडी. अंग निळे-जांभळे, चोच आणि कपाळ लालभडक, पायही लाल आणि लांब बोटांचे. लोक मला देखणी म्हणतात. पण देखणेपण दुरून दिसते, म्हणून मी कायम जीव मुठीत धरून जगले. घारीची सावली पडली की आधी पळायचे आणि मग बघायचे, हे आईने मला सगळ्यांत आधी शिकवले.

माझी खाण्याची रीत वेगळी आहे. कोवळा देठ चोचीने उपटायचा, एका पायाच्या बोटांत धरायचा, साल सोलायची आणि आतला पांढरा गर खायचा. गोगलगाय मिळाली तर तीही सोडत नाही. थोडक्यात, माझा पाय हाच माझा हात.

त्या वर्षी मला तीन पिल्ले होती. त्यांच्यासाठी देठ उपटताना पाण्याखाली पायाभोवती काहीतरी आवळले गेले. मासेमाराचे विसरलेले नायलॉनचे जाळे होते ते. ओढावे तितकी गाठ घट्ट होई. सकाळ गेली, दुपार कलली. पिल्ले भुकेने चिवचिवत होती आणि वर घार गिरक्या घेत होती. पिल्लांना ओ दिली तर ती हाकेमागे उघड्यावर येतील, म्हणून मी गप्प राहिले.

मग पाणी खळबळले. मासेमाराची थोरली बहीण चटयांसाठी पाणकणीस कापायला आली होती. तिने माझ्यावर ओले फडके टाकले. सगळा अंधार झाला. मला वाटले, संपले.

फडके निघाले तेव्हा मी तिच्या खोलीत होते. भिंतीला कापलेल्या पाणकणसांच्या मोळ्या, जमिनीवर अर्धी विणलेली चटई आणि तिच्या हातात कात्री. आमच्या घरांची ती गत झालेली. मी तिच्या बोटाला कडकडून चावले. रक्त आले, पण तिची पकड सुटली नाही.

मासेमार दारातून म्हणाला, “ताई, जाळं नवंकोरं आहे. कापू नको, गाठ सोडव.”

“गाठ मांसात रुतलीय,” ती म्हणाली. “आणि एवढं नवंकोरं होतं, तर पाण्यात विसरलास कसा?”

मासेमार आत आला. जवळ येऊन बसला आणि माझे पंख दोन्ही हातांनी धरून ठेवले. कात्री चालली.

जाळे सुटले, मागचे बोट मात्र वाचले नाही. ऊन उतरायच्या आत तिने मला होते तिथेच नेऊन सोडले. लंगडत, हाका मारत मी घरट्याकडे धावले. दोन पिल्ले देठांतून बाहेर आली. तिसरे आले नाही. घारीने नेले की पाण्याने, मला आजही ठाऊक नाही.

हल्ली तो मासेमार निघताना आपली जाळी दोनदा मोजतो. ताई काठावर उभी राहून मोजायला लावते.

मित्रांनो, तुम्ही मासे धरा, चटया विणा. आमची तक्रार नाही. फक्त पाण्यातून परतताना एकदा मागे वळून बघा. तुम्ही जे विसरून जाता, ते तिथेच कोणाची तरी वाट बघत बसते.